पहिली सीट आणि बिबड्यांची पिशवी

पॅरिस ते अ‍ॅमस्टरडॅम टूरच्या बसने जाणार असाल, तर आधी पहिली सीट धरा. अंतर साधारण ५०० किलोमीटर, रस्ता असा की मागच्या सीटवरही पोटातलं पाणी हलत नाही. पण मुद्दा तो नाहीच. एरंडोलच्या स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकणारे आपण. तिथे काचा उघडत नाहीत म्हणून काय वळण सोडायचं? नाश्त्याआधीच काकांना खाली पिटाळा आणि सीटवर बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, पिशवी ठेवा. गाइड म्हणेल, जागा रोज बदलायच्या. मान डोलवा. त्याला पैसे पडत नाहीत.

ड्रायव्हरला मात्र वळण लावावं लागेल. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती, असा युरोपातला कायदा. टॅकोग्राफ नावाचं यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवतं. धुळ्याहून रात्री निघालेला आपला भाऊ एका चहावर पुणं गाठतो, हे त्याला मराठीतच सांगा, फक्त जरा मोठ्याने. मोठ्याने बोललं की मराठी कोणालाही कळतं. चॉकलेटच्या दुकानातून तुम्ही अर्धा तास उशिरा आलात, तो विषय वेगळा.

बेल्जियममध्ये हायवेवर लघवीलाही बहुतेक ठिकाणी पैसे मोजावे लागतात. युरोचे रुपये करा, मग ठरवा लागली आहे की नाही. असे आवळून ब्रुसेल्सला पोचलात की ग्रँड प्लेस हा चौक लागेल. १९९८पासून जागतिक वारसा, सोनेरी नक्षीची जुनी घरं वगैरे. तिथे रेंगाळू नका, गाइडची छत्री पुढे गेलेली असते. ती थांबते मानेकेन पिसपाशी: उघड्यावर धार सोडणारं ब्राँझचं पोरगं, उंची दोन फूटही नाही. खरी मूर्ती संग्रहालयात, ही नक्कल. आमच्या बसमधले साक्रीचे आबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आमनापाईन पैसा लेतस, आनि हाऊ फुकट करी ऱ्हायना!" अख्ख्या टूरमधलं स्थलवर्णन म्हणावं ते एवढंच.

अ‍ॅटोमियम बसमधूनच बघा. १९५८च्या प्रदर्शनासाठी उभारलेलं, १०२ मीटर उंच, नऊ गोळ्यांचं. "उजवीकडे बघा" म्हणेपर्यंत ते मागे पडतं, मग शेजाऱ्याच्या मोबाइलवर बघा. जेवायला पनीर आहे. शेवभाजी का नाही, हे आचाऱ्याला जाऊन विचाराच.

अ‍ॅमस्टरडॅमच्या मध्यवस्तीत २०२४पासून टूरच्या मोठ्या बसला मज्जाव आहे. बाहेरच उतरायचं आणि चालत सुटायचं. मावशींचे गुडघे बोलू लागतील, सायकलवाले घंटी वाजवत अंगावर येतील. येऊ द्या. उतरताना पिशवी तेवढी सीटवरच ठेवा, उद्याचं उद्या बघायला नको.