पाटी वाचा, पुढे चला

वृक्षोद्यानात गेलेली माणसं झाडं बघत नाहीत, पाट्या वाचतात. येणारा प्रत्येक जण आधी वाकून लॅटिन नाव पुटपुटतो, ‘हं’ म्हणतो आणि जमलंच तर मान वर करतो. आमचे मेहुणे तेवढेही कष्ट घेत नाहीत. पाटीचा फोटो काढतात. “झाड काय, नेटवर दिसेल!”

उद्यान एवढंसं, पण त्यात पाच खंड कोंबलेले. चिलीतून निघालं की दहा पावलांवर जपान, आणि कचऱ्याच्या डब्याला वळसा घातला की मादागास्कर. तिथे कोण उभा? गुलमोहर! इतका ओळखीचा गडी, आणि मूळ गाव हे. त्याच्यासमोर मात्र कुणीच थांबत नव्हतं.

सगळ्यात केविलवाणी अवस्था रेडवुडची. कॅलिफोर्नियातल्या त्याच्या भाऊबंदांनी 115 मीटरची उंची ओलांडली आहे. त्यांच्याहून उंच झाड पृथ्वीवर नाही. इथला वारस माझ्या कानाला लागत होता. मेहुण्यांनी त्याच्या शेंड्यावर वडीलधाऱ्यासारखा हात ठेवून फोटो काढून घेतला.

शेजारी डॉन रेडवुड. याचं प्रकरण और आहे. 1941 साली जीवाश्मांवरून त्याच्या कुळाला मेटासेक्वोइया हे नाव मिळालं. सगळ्यांनी त्याला लाखो वर्षांपूर्वीच गेलेला धरलेलं, आणि त्याच दशकात हा पठ्ठ्या चीनमध्ये जिवंत सापडला. दाखला निघाल्यावर दारात हजर!

गिंको लांबूनच ओळखू आला, नाकाने. मादी झाडाच्या पिकल्या बियांच्या गराला खवट लोण्याचा वास येतो. बी पेरून लावलेलं झाड नर की मादी हे कळायला वीस-पंचवीस वर्षंही लागतात, तोवर ते उपटायला कुणाचा जीव होत नाही. लावणारा बदलून जातो, वास आमच्या वाट्याला. मेहुण्यांनी रुमालाने नाक दाबून पाटी मात्र पूर्ण वाचली.

एव्हाना पायांचे तुकडे पडले होते. अख्ख्या बागेत सावलीतला बाक एकच, तोही आफ्रिकेत, किगेलियाखाली. याची फळं दुधीसारखी दिसतात, लांबलचक देठांना लोंबतात, आणि एकेक पाच-सात किलोंचंही भरतं. तीन-चार तर नेमकी बाकाच्या डोक्यावर होती. जागा निवडणाऱ्याला काय म्हणावं! तरी बसलो. मेहुणे बसले नाहीत. त्यांना बाकाच्या पाठीवर एक पितळी पाटी सापडली होती. कुणा वृक्षप्रेमीच्या स्मरणार्थ.

कशाने गेले, ते लिहिलं नव्हतं.