छत्तीस उंदरांचा हिशेब

"मावशी, छत्तीस उंदरांसाठी केवढा फॉर्म! आणि एवढं भरून कमिटी विचारते, चोवीस का चालणार नाहीत? तुमच्याकडे असलं काही नसेल ना?"

भाची मुंबईत एम. फार्म. करते. प्रयोगात उंदीर वापरायचे तर कमिटीची परवानगी लागते, त्याचा हा फॉर्म. तिचा फोन नेमका मी डबा भरत असताना येतो. मागून भावजींचा आवाज आलाच. "अगं, हे सगळं फॉरेनचं खूळ. गोऱ्यांनी आपलं संशोधन करून घेतलं, आता आपल्याला दया शिकवतायत."

दोघांचेही गैरसमज काढायला मला अर्धा तास लागला. आमटी करपली.

मी लेस्टरला राहते, हिशेबाची कामं करते. विज्ञानाशी माझा संबंध बारावीला संपला. तरी गेली चार वर्षं मी इथल्या एका विद्यापीठाच्या प्राणी-नैतिकता समितीवर आहे, बाहेरची सभासद म्हणून. ज्याला त्यातलं काही कळत नाही असा एक माणूस समितीवर घेतात, तो माणूस मी.

पहिल्याच बैठकीत एक संशोधक तासभर बोलला. आलेख, रेणूंची नावं, सगळं. मला विचारण्यासारखं काही सुचेना, म्हणून विचारलं, "पण तुम्ही उंदीर पिंजऱ्यातून बाहेर काढता कसा?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग तो म्हणाला, "शेपटीला धरून." आमच्या चाळीत मेलेला उंदीर टाकायला न्यायचा तसाच. पशुवैद्य बाई पेन खाली ठेवून म्हणाल्या, बरं झालं विषय निघाला. लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१० सालीच दाखवून दिलंय की शेपटीनं उचललेला उंदीर घाबरतो, माणसाचा हात दिसला की लांब पळतो. तोच नळीत शिरू देऊन नळीसकट उचलला की निवांत असतो, हाताजवळ स्वतःहून येतो. घाबरलेल्या उंदरावर औषधाचा परिणाम मोजायचा म्हणजे भीतीही त्यात मोजली जाणार. एका प्लास्टिकच्या नळीचा प्रश्न. त्या प्रयोगशाळेत तो तोवर कुणी विचारलाच नव्हता.

म्हणजे भाचीला सांगायचं ते हे, की फॉर्म इथेही आहेत, आणि जास्तच आहेत. ब्रिटनच्या १९८६ च्या कायद्यानुसार तीन परवाने लागतात: संस्थेचा, प्रकल्पाचा आणि हात लावणाऱ्या माणसाचा. मोडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद. प्रत्येक प्रकल्पात प्राण्याला किती त्रास होईल, सौम्य, मध्यम की तीव्र, ते आधी लिहावं लागतं आणि नंतर प्रत्यक्ष किती झाला तेही. एवढं असूनही २०२३ साली ग्रेट ब्रिटनमध्ये २६ लाख ८० हजार प्रयोग झाले. तेव्हा भावजी, इथल्या लोकांना साधुसंत समजायचं काही कारण नाही. १९०६ साली लंडनच्या बॅटरसीत, प्रयोगात मेलेल्या एका कुत्र्याचा पुतळा बसवला तर वैद्यकीय विद्यार्थ्यांनी रस्त्यावर दंगल केली. पोलीस पहारा देऊन थकले आणि १९१० साली तिथल्या नगरपालिकेनं पुतळाच उचलून नेला.

पण "फॉरेनचं खूळ" हे काही खरं नाही. जगभर सांगितली जाणारी तीन तत्त्वं रसेल आणि बर्च या दोन इंग्रज संशोधकांनी १९५९ साली मांडली: जमेल तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, वापरायचेच तर कमीत कमी वापरा, आणि त्यांना कमीत कमी त्रास द्या. आपला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा पुढच्याच वर्षीचा, १९६० चा. त्याच्या मागे नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेला आग्रह होता. त्या कायद्याचं सतरावं कलम वाचा. पुस्तक, मॉडेल, फिल्मनं भागत असेल तर प्रयोग टाळा. लहान प्राण्यावर होत असेल तर मोठा वापरू नका. भूल द्या. नुसता हात बसावा म्हणून प्रयोग करू नका. हे आपल्या संसदेनं लिहिलंय. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं म्हणून ज्यांचा हवाला दिला जातो ती १९८५ ची, सुधारून २०१२ ची, आणि तीही कायदा म्हणून कुणावर बंधनकारक नाहीत. उलट प्रयोग संपल्यावर मोठ्या प्राण्याचं पुनर्वसन करायचं, हे चौथं तत्त्व आपण जोडलं. बेंगळुरूला प्रयोगशाळेतून सुटलेली बीगल कुत्री लोकांच्या घरी गेली ती त्यातूनच.

याच कायद्याचं विसावं कलमही वाचा. प्रयोगांबाबतचा आदेश मोडला तर दंड दोनशे रुपयांपर्यंत. छापलंय तसंच सांगतेय. दादरला दोन माणसांचा नाश्ता होतो एवढ्यात.

मी परळची. आमच्या चाळीतून निघालं की एकाच रस्त्यावर केईएम, हाफकिन आणि बैलघोडा हॉस्पिटल. म्हणजे माणूस बरा करायची जागा, त्यासाठी जनावर वापरायची जागा आणि जनावर बरं करायची जागा शेजारी शेजारी. लहानपणी यात काही वेगळं वाटलं नाही. १८९७ च्या जानेवारीत, ज्यांच्या नावानं ती संस्था आहे त्या हाफकिन या शास्त्रज्ञानं प्लेगची लस आधी जनावरांवर आणि मग स्वतःच्या अंगावर टोचून पाहिली. पुढे १९०५ नंतर प्लेग कमिशनच्या लोकांनी मुंबईत प्लेग झालेल्या घरांत गिनिपिग सोडले आणि त्यांच्या अंगावर गोळा झालेल्या पिसवा मोजल्या. परळला पिंजरे जमिनीपासून वेगवेगळ्या उंचीवर टांगून पाहिले, पिसू कुठवर उडी मारते ते कळावं म्हणून. त्यातून पक्कं झालं की गाठीचा प्लेग हवेतून किंवा घाणीतून येत नाही, उंदरावरच्या पिसवेतून येतो. साथीच्या पहिल्या वर्षांत सरकार लोकांची घरं धुवून काढत होतं, छपरं उतरवत होतं, बायकामाणसांना तपासणीला बाहेर काढत होतं. त्या गिनिपिगांनी आमच्या आज्या-पणज्यांचे किती हाल वाचवले, कोण मोजणार!

आणि माझ्या मामेभावाला गावी फुरसं चावलं तेव्हा ग्रामीण रुग्णालयात टोचलेलं औषध घोड्याच्या रक्तातलं होतं. घोड्याला विषाचे थोडे थोडे डोस देतात, त्याचं शरीर उतारा तयार करतं, तो रक्तातून वेगळा काढतात. मामेभाऊ आज ट्रॅक्टर चालवतो. त्यामुळे "सगळे प्रयोग बंद करा" असं मला म्हणता येत नाही, आणि जे म्हणतात त्यांनी आधी फुरशाचं काय ते सांगावं.

उलट ज्यूनियर कॉलेजात मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून बसवलेला माझा बेडूक अर्धवट भुलीत होता. त्याचा पाय हलला. सरांना सांगितलं तर म्हणाले, "रिफ्लेक्स आहे, काप." शिकले काय, तर डोळे मिटून कात्री चालवायची. तेव्हा सतरावं कलम तीस वर्षांचं होऊन गेलं होतं. यूजीसीनं पदवीच्या वर्गांतलं प्राण्यांचं विच्छेदन बंद करायला तर २०१४ उजाडलं.

२०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली तेव्हा आमचा फॅमिली ग्रुप आठवडाभर पेटला होता. मग भटक्या कुत्र्यांवरून पेटला. कबुतराला माणसं आहेत, कुत्र्याला माणसं आहेत. प्रयोगशाळेतल्या उंदराला कुणी नाही, कारण तो दिसत नाही. इथे दरवर्षी सरकार आकडे छापतं, प्रत्येक प्रकल्पाचा साध्या भाषेतला सारांश लोकांपुढे ठेवतं. मग पेपरवाले भांडतात, शास्त्रज्ञ उत्तरं देतात. दया इथे जास्त आहे असं अजिबात नाही. पण उत्तर द्यायला लागेल या धाकानं आकडा खाली आणायची सवय लागते.

आपल्याकडच्या समितीतही बाहेरच्या माणसाची खुर्ची आहे, नियमानंच. भाचीच्या आधीच्या कॉलेजात, ती सांगते, त्या खुर्चीतले काका चहा येईपर्यंत पेपर वाचायचे आणि मग सही करायचे. आताच्या कमिटीनं "चोवीस का नाहीत" विचारलं, तर ती वैतागली. मी म्हटलं, बाई, तुझं नशीब चांगलं आहे. गणित करून दाखव, नाहीतर बारा उंदीर वाचव.

पंधरा दिवसांनी मेसेज आला. तीसवर तडजोड झाली. खाली फोटो: किचनमधल्या फॉइलच्या रोलचं पुठ्ठ्याचं नळकांडं, त्यातून बाहेर आलेली पांढरी शेपटी. "शेपटीचं तू सांगितलंस ते केलं. जातात गं आत! पण लॅबमधली सीनिअर म्हणते, हे फॉर्मात कुठे लिहिलंय?"