नाव आमच्या मुलीचं आहे हो!

बारसं परवावर आलं तरी घरात नावावरून कटकट चालूच. जावेच्या वेळी हेच, नणंदेच्या वेळीही हेच!

आधी पत्रिका. आर्द्रेचं तिसरं चरण, म्हणून अक्षर आलं ‘ङ’. अहो, ‘ङ’वरून मराठीत एक तरी शब्द सुरू होतो का? मग जो तो मोबाइल उघडून मायरा, अनायरा वाचून दाखवतो. म्हणे संस्कृत आहे. ‘अनायरा’ संस्कृत कोशात शोधून बघा, सापडत नाही.

मला ऋजुता फार आवडतं. पण ‘ऋ’ला आपण ‘रु’ म्हणतो, हिंदीवाले ‘रि’, की झाला स्पेलिंगचा घोळ. माझ्या नावाची सुरुवातच ‘ज्ञ’ने. आधारवर ते ‘डी’ने आहे, मार्कशीटवर ‘जी’ने. प्रतिज्ञापत्रं करून करून जीव मेटाकुटीला आलाय, ते पोरीच्या नशिबी नको. म्हणून ‘अबोली’ काढलं. तीन अक्षरं, जोडाक्षर नाही, आजीच्या परसातलं केशरी फूल. तर मावशी म्हणतात, "अगं, पोर अबोल निघेल!" काकू म्हणतात, "वास नसलेलं फूल कशाला?"

आता नवीन टुमणं, थांबा जरा. जन्मनोंदणी २१ दिवसांत करायची असली तरी दाखल्यावर नाव १२ महिन्यांपर्यंत फुकट घालता येतं, मलाही ठाऊक आहे. पण मला थांबायचंच नाहीये. रात्री पाजताना मी तिला अबोलीच म्हणते, आणि ती डोळे उघडून माझ्याकडे बघते.