‘डोके फिरलेला म्हातारा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पुढे टेलिपथीसारख्या (इंद्रियांवाचून मनाने मनाशी संपर्क) विषयांकडे वळलेले नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन जोसेफसन यांच्यावरील माझ्या लेखाखाली आपण परवा लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. खाली ‘एक वाचक’ एवढीच सही असल्यामुळे आपल्याला नावाने संबोधता येत नाही, याबद्दल क्षमस्व. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगतो. १९७३चे भौतिकशास्त्राचे नोबेल तिघांत सारखे वाटले गेले, हे माझे विधान चूक आहे. ‘नोबेल मिळाल्यावर डोके फिरलेल्या एका म्हाताऱ्याला लेखकाने संत करून टाकले आहे.’ टेलिपथीचा एकही प्रयोग आजवर कोणाला हवा तेव्हा पुन्हा करून दाखवता आलेला नाही. ‘पाण्याच्या स्मृती’ची, म्हणजे त्यात विरघळलेला पदार्थ उरला नाही तरी पाणी त्याचा गुण लक्षात ठेवते या दाव्याची, पाठराखण करणाऱ्या माणसावर विश्वास ठेवता येत नाही. आणि शेवटी, दाभोलकरांच्या महाराष्ट्रात असे लेख लिहिले जातात याची आपल्याला लाज वाटते.

पहिला मुद्दा विनातक्रार मान्य. पुरस्काराचा निम्मा वाटा जोसेफसन यांना आणि उरलेला निम्मा लिओ एसाकी व इवार येव्हर या दोघांत मिळून, अशी ती विभागणी होती. चूक माझी, आणि ती दाखवल्याबद्दल आभार.

आता ते दुसरे वाक्य. त्यात ‘म्हातारा’, ‘नोबेल मिळाल्यावर’ आणि ‘डोके फिरलेला’ असे तीन शब्दप्रयोग आहेत आणि आपण तिन्ही जागी घसरला आहात.

जोसेफसन यांचा जन्म १९४० सालचा, कार्डिफचा. नोबेल मिळाले तेव्हा त्यांचे वय तेहतीस होते. तेहतिसाव्या वर्षी माणूस म्हातारा होत असेल, तर माझ्याबद्दल आपण काय म्हणाल याची कल्पनाच केलेली बरी. मन आणि शरीर यांचा संबंध काय, हा प्रश्न त्यांच्या मनात साठच्या दशकाच्या अखेरीसच घर करून होता आणि महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाकडे ते सत्तरच्या दशकाच्या आरंभी वळले. म्हणजे ही ओढ पुरस्काराच्या आधीची आहे. स्टॉकहोमहून पदक आले आणि मग बुद्धी गेली, ही गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला गोड असली तरी तारखा तिच्या बाजूने उभ्या राहत नाहीत. त्या तारखा माझ्या लेखात होत्या. आपण लेख शेवटपर्यंत वाचला असता तर त्या दिसल्या असत्या.

राहिले डोके. १९६२ साली केंब्रिजमध्ये संशोधन करणाऱ्या बावीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने गणिताने असे दाखवले की दोन अतिवाहकांच्या (विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या पदार्थांच्या) मध्ये एखाद्या नॅनोमीटरचा विद्युतरोधक थर ठेवला, तर इलेक्ट्रॉनांच्या जोड्या त्या थरातून आरपार जातील आणि तेही दोन टोकांत काहीही विद्युतदाब नसताना. तेव्हाचा सर्वसाधारण समज असा होता की एक इलेक्ट्रॉन पार होण्याची शक्यताच नगण्य, मग दोन एकदम पार होण्याची शक्यता त्या नगण्याचा वर्ग, म्हणजे शून्यच समजा. जॉन बार्डीन यांनी हे भाकीत छापील टिपणात नाकारले. बार्डीन म्हणजे ट्रान्झिस्टरसाठी १९५६चे नोबेल मिळवलेले, अतिवाहकतेच्या सिद्धांताच्या तीन जनकांपैकी एक. त्या विषयात त्यांच्या वरचा अधिकारी पुरुष जगात नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनच्या परिषदेत हा विद्यार्थी त्यांच्यासमोर उभा राहिला आणि आपले म्हणणे सोडले नाही. १९६३च्या मार्चमध्ये बेल प्रयोगशाळेतील अँडरसन आणि रॉवेल यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि मुलगा बरोबर ठरला.

आपली प्रतिक्रिया १९६२च्या उन्हाळ्यात लिहिली गेली असती, तर ‘डोके फिरलेला’ हे विशेषण तेव्हाही तितक्याच ठामपणे वापरता आले असते, एवढेच मला सुचवायचे आहे. थोरांनी नाही म्हटले म्हणून गप्प बसायचे नाही, हा जो स्वभाव बार्डीन यांच्यासमोर उभा राहिला, तोच पुढे टेलिपथीचे नाव काढताच हसणाऱ्यांसमोरही उभा राहिला. त्यातला पहिला अर्धा भाग हारतुऱ्यांनी मढवायचा आणि दुसरा कचऱ्यात टाकायचा, हे मला जमत नाही. त्या स्वभावाचे दुसरे फळ पहिल्याइतकेच खरे आहे, असे मी कुठेही लिहिलेले नाही. मी ‘मोकळेपणा’ हा शब्द वापरला होता. तो आपल्याला ‘भोळेपणा’ असा का दिसला, हे आपणच सांगू शकाल.

२००१ साली नोबेलच्या शताब्दीनिमित्त ब्रिटनच्या टपाल खात्याने काढलेल्या तिकिटांसोबतच्या पुस्तिकेत जोसेफसन यांनी लिहिले की पुंजसिद्धांत (क्वांटम थिअरी) आणि माहितीचा सिद्धांत यांच्या मेळातून टेलिपथीसारख्या अजून न उलगडलेल्या गोष्टींचे स्पष्टीकरण कदाचित मिळेल. त्यावर भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांनी हे सगळे थोतांड असल्याचे जाहीरपणे सांगितले आणि आपण त्यांचा दाखला मोठ्या उत्साहाने दिला आहे. हेच डॉइच असंख्य समांतर विश्वे खरोखरच अस्तित्वात आहेत, असे अत्यंत गंभीरपणे मानतात. माझी त्याला हरकत नाही. मात्र कोणाची विचित्र कल्पना विज्ञान ठरते आणि कोणाची डोके फिरल्याचे लक्षण, हे ठरवण्याचा आपला निकष मला कळला तर आनंद होईल.

टेलिपथीचा प्रयोग पुन्हा करून दाखवता आलेला नाही, हा आपला मुद्दा जुना आहे. त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिले गेले आहे आणि त्याची इथे उजळणी करण्याचे कारण नाही. त्याऐवजी एक हिशेब मांडतो. २००४ साली न्यूयॉर्कमध्ये, लोकांच्या शरीराच्या आतले दिसते असा दावा करणाऱ्या एका रशियन तरुणीची संशयवाद्यांनी चाचणी घेतली. सात माणसे आणि सात वैद्यकीय वर्णने यांच्या जोड्या लावायच्या. पाच बरोबर आल्या तर पुढे विचार, नाहीतर नापास. तिच्या चार बरोबर आल्या आणि ती नापास झाली. सात गोष्टी लावण्याचे एकूण ५०४० प्रकार होतात आणि त्यांपैकी चार किंवा अधिक जुळणारे प्रकार फक्त ९२. म्हणजे केवळ नशिबाने असे घडण्याची शक्यता साधारण पंचावन्नात एक. जोसेफसन यांचे म्हणणे इतकेच होते की अशा निकालाला ‘अपयश’ म्हणू नये, ‘निर्णय होऊ शकला नाही’ म्हणावे. तिला दिव्यदृष्टी होती, असे मी मानत नाही. पण बाद फेऱ्यांतल्या सामन्यासारखी रेघ आखून विज्ञान होत नाही, हे म्हणणाऱ्याला वेडा ठरवणे मला पटत नाही. ‘पाण्याच्या स्मृती’चा दावा करणाऱ्या बेनव्हेनिस्त यांच्या प्रकरणी मात्र जोसेफसन गरजेपेक्षा जास्त काळ एकाच बाजूला उभे राहिले, असे माझेही मत आहे. तो विषय वेगळा.

दाभोलकरांचे नाव आपण ज्या सहजतेने माझ्या अंगावर फेकले, त्याचे मात्र वाईट वाटले. मी एकतीस वर्षे एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. नव्वदच्या दशकात शनिवार-रविवारी एसटीने गावोगाव जाऊन, लिंबातून रक्त कसे निघते आणि जिभेवर कापूर कसा जाळतात, हे शाळांच्या पटांगणात करून दाखवले आहे. दोनदा लोक अंगावर धावून आले. आपण तेव्हा कुठे होतात, हे मी विचारणार नाही. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, दाभोलकर आणि त्यांचे सहकारी यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली, तेव्हा त्यांनी ज्योतिषांना ‘डोके फिरलेले’ म्हटले नव्हते. प्रत्येकाला चाळीस कुंडल्या दिल्या, हुशार मूल कोणते आणि मतिमंद कोणते ते ओळखायला सांगितले, सत्तावीस जणांची उत्तरे तपासली आणि ती सरासरी शेकडा सेहेचाळीस बरोबर निघाल्याचे, म्हणजे नाणेफेकीच्या आसपासच असल्याचे, छापून मोकळे झाले. आधी तपासले, मग बोलले. आपला क्रम उलटा आहे.

या स्वभावाची किंमत मला पुस्तकातून कळलेली नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात विद्युतरोध मोजण्याच्या मीटर ब्रिजच्या प्रॅक्टिकलला एका मुलाचा शून्यबिंदू एकसष्टवर येत होता आणि बाकी सगळ्या बॅचचा चोपन्नच्या आसपास. मी त्याच्या जर्नलमध्ये लाल रेघ ओढली आणि शेजाऱ्याचे बघून नीट लिही, असे सर्वांसमोर सुनावले. संध्याकाळी सामान आवरताना त्याच्या रेझिस्टन्स बॉक्सची एक खुंटी ढिली असल्याचे आढळले. त्या पोराने जे दिसले तेच लिहिले होते. ती लाल रेघ आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे, आणि म्हणूनच ‘हे असे असूच शकत नाही’ हे वाक्य कोणी फार मोठ्या आवाजात म्हणू लागले की मी सावध होतो. यावर आपण म्हणाल की तिथे खुंटी तरी सापडली, टेलिपथीत काय सापडले? म्हणा.

एक गोष्ट आपल्या प्रतिक्रियेत आलीच नाही. मध्ये पातळ रोधक थर असलेल्या, वर सांगितलेल्या अतिवाहक जोडावर आधारलेल्या स्क्विड या उपकरणाने आज जिवंत मेंदूचे चुंबकीय क्षेत्र मोजतात; ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण पन्नास कोटीव्या भागाएवढे क्षीण असते. तो जोड जोसेफसन यांच्या नावानेच ओळखला जातो. मनाविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार या माणसाला कोणी दिला, असे आपण विचारले होते, म्हणून सांगितले.

मूळ लेखातील पुरस्काराविषयीचे वाक्य काल रात्री दुरुस्त केले आहे. आपली प्रतिक्रिया मात्र जशीच्या तशी ठेवली आहे. ‘डोके फिरलेला’ हे शब्दही काढलेले नाहीत.