सिव्हिल म्हणजे कुठलं सिव्हिल?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून फोन हातात घेतला, तर आमच्या रक्तदात्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज. जसाच्या तसा देते : 'अर्जंट बी निगेटिव्ह पाहिजे सिव्हिल हॉस्पिटल प्लीज शेअर'. खाली एक नंबर, हात जोडलेल्या इमोजींची रांग, आणि संपलं.

अरे बाबा, कुठलं सिव्हिल? साताऱ्याला सिव्हिल आहे, सांगलीला आहे, सोलापूरला आहे. नंबर लावला तर लागेना. मोजून बघितला तर नऊच आकडे. ग्रुपवर सहा-सात जणांनी विचारलं, 'दादा, गाव कुठलं?' उत्तर नाही. सांगलीचा एक पोरगा तर आपणहून तिथल्या सिव्हिलच्या ब्लड बँकेत जाऊन विचारून आला. तिथे अशी मागणीच नव्हती. एवढ्या उन्हात, स्वतःचं पेट्रोल जाळून. आणि थोड्या वेळाने त्या गृहस्थांचा दुसरा मेसेज आला : 'अर्धा तास झाला एकाचा फोन नाही. नुसते ग्रुप काढून बसलेत. माणुसकी मेली.' हे लिहून साहेब ग्रुपमधून बाहेर. झालं. आता ना त्यांना आमचे प्रश्न दिसणार, ना आम्हाला कळणार की पेशंटचं काय झालं.

माणुसकी मेली म्हणे.

या ग्रुपमध्ये कोण आहे ते जरा ऐका. एक एसटीचे कंडक्टर आहेत, दोन झेडपीच्या शाळेतले गुरुजी, एक पार्लरवाली, एमआयडीसीत शिफ्ट करणारी पोरं, आणि मी मेडिकलवाली. पगार कुणालाच नाही. मला तर रक्त देताही येत नाही, कारण हिमोग्लोबिन साडेबारा लागतं आणि माझं कधी तिथवर जात नाही. म्हणून मी फोन करते. यादी काढायची, कोणी कधी दिलंय बघायचं (पुरुषांना तीन महिन्यांचं अंतर लागतं, बायकांना चार), आणि एकेकाला विचारायचं, 'दादा, आज जमेल का?' निम्मे फोन उचलत नाहीत. उचलणाऱ्यांतल्या निम्म्यांना सर्दी असते. निगेटिव्ह गटाची माणसं आपल्याकडे शंभरात पाच-सहा, आणि त्यातून बी निगेटिव्ह, गावातच असलेला, तीन महिन्यांत रक्त न दिलेला, जेवलेला आणि साहेबाकडून सुट्टी मिळणारा माणूस शोधायचा. त्यासाठी आम्हाला निदान गावाचं नाव तरी द्या की!

माझ्या धाकट्या भावाला पुण्यात डेंग्यू झाला होता तेव्हाची गोष्ट माझ्या जवळच्यांना माहीत आहे. तरी परत सांगते, कारण या विषयावर मला दुसरं काही सुचतच नाही. प्लेटलेट्स आठ हजारांवर आल्या होत्या आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, एसडीपी (म्हणजे एकाच डोनरकडून मशिनने काढलेल्या प्लेटलेट्स) लागेल, डोनर आणा. वहिनी भिंतीला टेकून नुसती रडत होती. मीही काही फार शहाणपणा करत नव्हते. बहिणीचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि त्याने मेसेज टाइप केला. पेशंटचं वय, हॉस्पिटल, पुण्यातला कुठला भाग, कितवा मजला. काय हवं, तर एसडीपी, एक डोनर, गट अमुक. कधीपर्यंत, तर रात्री दहाच्या आत. डोनरने कुठल्या ब्लड बँकेत यायचं. कोणाला फोन करायचा, आणि तो फोन करणारा पेशंटचा कोण. वर तारीख आणि वेळ. आणि एक ओळ, जी मला अजून आठवते : 'तीन दिवसांत ॲस्पिरिनची गोळी घेतली असेल तर चालणार नाही.' हे त्याने ब्लड बँकेच्या काउंटरवर विचारून घेतलं होतं.

चहा संपायच्या आत फोन वाजला.

चाकणचा माणूस होता. कंपनीतून नुकताच सुटलेला, पावसातून बाइकवर आला. आल्याआल्या त्याच्या शर्टाच्या बाहीतून पाणी निथळत होतं आणि तो मलाच विचारतोय, 'ताई, तुम्ही जेवलात का?' मग त्याच्या शिरा बघितल्या, रक्त तपासायला घेतलं. ते रिपोर्ट यायलाच किती वेळ गेला. मग त्याला मशिनवर घेतलं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. ते मशिन अंगातलं रक्त ओढून घेतं, त्यातल्या प्लेटलेट्स बाजूला काढतं आणि उरलेलं परत त्याच हातात सोडतं. तास-दीड तास हात हलवायचा नाही. ओठांना मुंग्या येतात म्हणून त्याला कॅल्शियमची गोळी दिली होती. शेवटी पिशवी भरली, पिवळट, ताकाच्या निवळीसारखी.

वहिनीने पाकीट काढलं तर तो मागेच सरला. म्हणाला, पैसे नकोत, फक्त ग्रुपवर 'सोय झाली' म्हणून टाका. भाच्याने हो म्हटलं. तरी हा जाईना. हातात बिस्किटाचा पुडा, अंगावर ओला शर्ट, आणि लिफ्टपाशी उभा. 'आत्ता टाका ना, माझ्यासमोर.' भाच्याने टाकला, त्याने स्वतःच्या फोनवर आलेला बघितला, मग गेला. जाता जाता सांगितलं, मागच्या वेळी असाच चाकणहून आलो तर नातेवाईक म्हणाले, सकाळीच मिळालं हो. कोणी कळवलंच नव्हतं.

तेव्हापासून मी या कामात आहे. आणि तेव्हापासून बघतेय, मदत वेळेत मिळाली नाही असं ओरडणाऱ्यांतल्या बहुतेकांनी मदत करणाऱ्याला कामाचं काही सांगितलेलंच नसतं.

आता तुमच्यातले काही म्हणतील, ताई, घरचं माणूस आत तळमळत असताना मेसेजचं व्याकरण कोण बघतं? मान्य. नाही सुचत. पण बरोबर एखादा मेव्हणा असतो, चुलतभाऊ असतो, मोबाइलवर रील बघत बसलेला भाचा असतो. त्याच्या हातात द्या फोन. रडणाऱ्याने रडावं, दुसऱ्याने लिहावं.

दुसरं, ब्लड बँकेत नीट विचारा की त्यांना नक्की काय हवंय. पुष्कळदा पिशवी त्यांच्याकडे असते. त्यांना फक्त बदल्यात डोनर हवा असतो, आणि तो कोणत्याही गटाचा चालतो. पण नातेवाईक बाहेर येऊन मेसेज टाकतात, 'ओ निगेटिव्ह अर्जंट'. मग आम्ही अर्धा जिल्हा पालथा घालतो, आणि शेवटी कळतं की वॉर्डाबाहेर उभ्या असलेल्या त्यांच्याच चार पुतण्यांपैकी कोणीही चाललं असतं! पुतणे मात्र सुईला घाबरतात. लोकांच्या पोरांनी यायचं. (बदली डोनरची सक्ती करू नये असं सरकारचं धोरणच आहे, हेही खरं. पण ते रात्री दहाला काउंटरवर सांगून बघा.)

पुढचा राग माझा जुना आहे. 'कितीही पैसे देतो' असं लिहू नका. पैसे घेऊन रक्त देणं आपल्याकडे 1 जानेवारी 1998 पासून बंद आहे, सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे. आणि त्याआधी काय चालायचं ते आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांना विचारा. कावीळ असो, आणखी काही असो, नशेच्या पैशासाठी लोक सारखे रक्त विकायचे. शिवाय तुम्ही पैशाचं नाव काढलंत की चोर गोळा होतात. 'निघालोय, गाडीभाड्याला हजार रुपये पाठवा', पैसे गेले की फोन बंद. आमच्या ग्रुपवर झालंय हे. खरा डोनर येण्याआधी पैसे मागत नाही. चाकणवाल्याने तर बिस्किटाचा पुडासुद्धा अर्धाच खाल्ला, उरलेला खिशात घातला, पोरीला देतो म्हणाला.

डेंग्यूवाल्यांना वेगळं सांगायचंय. रिपोर्टवर चाळीस हजार दिसलं की लगेच 'प्लेटलेट्स अर्जंट' टाकू नका. रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय चढवायची सहसा गरज पडत नाही. ते डॉक्टरांना ठरवू द्या. प्लेटलेट्स पाच दिवसच टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. तुमच्या धास्तीपायी एक डोनर खर्ची पडला की ज्याला खरंच हव्यात त्याला नाही मिळत. पपईच्या पानांच्या रसाबद्दल मला दुकानात रोज विचारतात, त्यावर मी काही बोलणार नाही. भांडण होतं.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. एक गोष्ट लिहू की नको असं करत होते, लिहितेच.

मागे ग्रुपवर एक मेसेज फिरत आला होता. लहान मुलगा, थॅलेसेमिया, रक्त हवं. या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. तारीख नव्हती. आमच्या कंडक्टरकाकांनी ड्युटी संपवून स्टँडवरूनच फोन लावला. बापाने उचलला. 'तो गेला हो, आषाढात.' काकांना काही बोलता येईना. तर तो बापच त्यांची समजूत घालायला लागला. म्हणाला, रोज येतात फोन, तुमची काही चूक नाही. फोन बंद करावासा वाटतो, पण लोक एवढ्या मायेने विचारतात.

मेसेज कोणी तरी कळवळ्यानेच पुढे ढकलला असणार. पण तारीख टाकली असती, काम झाल्यावर 'झालं' लिहून मूळ मेसेज काढून टाकला असता, तर त्या माणसाला पोर गेल्यावर रोज उठून अनोळखी लोकांची समजूत घालायला लागली नसती. चाकणवाला लिफ्टपाशी का अडून बसला होता ते मला त्या दिवशी पुरतं कळलं.

असो. परत चिडायच्या आत कामाचं बोलते, कारण मे महिना आलाय. शिवजयंतीला, आंबेडकर जयंतीला गल्लोगल्ली शिबिरं होतात, एका दिवसात पिशव्यांचा ढीग लागतो. पण लाल पेशी पस्तीस, फार तर बेचाळीस दिवस टिकतात. फेब्रुवारीतलं रक्त मेमध्ये नसतं. एप्रिलमध्ये दिलेल्यांना जुलैपर्यंत परत देता येत नाही. कॉलेजं बंद, पोरं गावाला, आणि लग्नसराईत अपघात वाढलेले. दरवर्षी हेच. साहेबांच्या वाढदिवसाला एकाच दिवशी पाचशे पिशव्या आणि मग महिनाभर ठणठणाट, असं करण्यापेक्षा मंडळांनी महिने वाटून घ्यावेत, असं मी दर वर्षी लिहिते. दर वर्षी मंडळांची पोरं त्यावर लाइक करतात आणि शिबिर त्याच तारखेला घेतात.

तर, सातारा, कराड, कोरेगाव, वाई भागातल्या ज्यांनी फेब्रुवारीनंतर रक्त दिलेलं नाही त्यांनी खाली तीनच गोष्टी लिहा : गट, गाव, शेवटचं कधी दिलं. निगेटिव्हवाल्यांनी आधी. फोन नंबर कमेंटमध्ये नको, इनबॉक्समध्ये टाका, आणि दहाही आकडे आहेत ना ते बघून. 'छान लिहिलंय ताई' लिहिणाऱ्यांनीसुद्धा पुढे गट लिहायचा आहे.