‘जळका टायर’ लिहिणाऱ्या साहेबांना दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

इंग्लंडमधल्या आमच्या तंबाखूच्या दुकानाबद्दलचा तुमचा एका ताऱ्याचा अभिप्राय काल रात्री दुकान आवरल्यावर वाचला. मराठीत लिहिलात, म्हणून उत्तरही मराठीत. आमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांना कळलं नाही तरी चालेल.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पाइपच्या तंबाखूचं ‘इंग्लिश मिक्श्चर’ पन्नास ग्रॅम घेतलं, पाकीट उघडताच जळक्या टायरचा वास आला, माल शिळा किंवा आगीतून वाचलेला असावा. जीभ दोन दिवस चरचरत होती. ‘इंग्लिश’ म्हणून विकलं, पण त्यात इंग्लंडचं एकही पान नाही. वडिलांच्या पाइपला लागलेला वास जात नाही. किंमत अवाच्या सवा. आणि दुकानदार मराठी असूनही धड बोलला नाही.

शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण ती खरी आहे. तुम्ही आलात तेव्हा पावणेसहा झाले होते, सहाला आम्ही शटर ओढतो, आणि मी गल्ला मोजायला घेतला होता. तुम्ही म्हणालात, “अस्सल इंग्लिश द्या, एकदम स्ट्राँग.” आजवर काय ओढलंत, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. बरणी काढली, तोललं, पाकीट हातात दिलं. तुम्ही वडिलांच्या पाइपबद्दल काहीतरी सांगत होतात, तेही अर्धवटच ऐकलं. आल्फ्रेड डनहिलने १९०७ साली लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान काढलं, ते नावारूपाला आलं ते गिऱ्हाइकाला विचारून, त्याच्या जिभेला मानवेल असं मिश्रण करून आणि ते वहीत टिपून ठेवून. मी त्या शनिवारी किराणा तोलावा तसा तंबाखू तोलला.

आणखी एक चूक तुमच्या लक्षातही आली नसेल. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून बंद सार्वजनिक जागेत धूम्रपान करता येत नाही, पण आमच्यासारख्या खास तंबाखूच्या दुकानांना सिगार आणि पाइपचा तंबाखू आत बसून चाखू देण्याची सूट आहे. सिगारेटला नाही. खिडकीपाशी जी चामड्याची खुर्ची दिसली असेल ती त्याचसाठी आहे. त्या संध्याकाळी तिच्यावर रिकाम्या खोक्यांची चळत होती. खोकी उचलून तुम्हाला तिथे बसवलं असतं, तर हा अभिप्राय बहुधा आलाच नसता.

आता वासाचं. माल शिळा नव्हता आणि जळलेलाही नव्हता. तो लटाकिया नावाचा तंबाखू. सीरियातल्या बंदरावरून नाव पडलं, आज आमच्या बरणीत येतो तो सायप्रसचा. उन्हात वाळवलेली पानं बंद कोठीत टांगतात आणि खाली मॅस्टिक, मर्टल, पाइन अशा झुडपा-लाकडांची धुरी धरतात, तीही आठवडेच्या आठवडे. पान काळंकुट्ट होतं. तुमच्या नाकाला मी अजिबात नावं ठेवत नाही. मी निपाणीचा, वडील तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होते. वखारीच्या दारात पाऊल टाकलं की पहिल्या दोन शिंका ठरलेल्या, घरी आजी तव्यावर मिसरी भाजायला बसली की आम्ही पोरं अंगणात पळायचो. म्हणजे तंबाखूचा वास मला नवा नव्हता. तरी या दुकानात नोकरीला लागलो त्या आठवड्यात लटाकियाची बरणी उघडली आणि जुन्या मालकांना म्हणालो, हे जळलंय, फेकू का? ते हसलेही नाहीत. त्याच खुर्चीवर बसवून त्यांनी हातात एक साधा मातीचा पाइप दिला. मातीचा अशासाठी, की आधीच्या तंबाखूचा वास त्यात फारसा राहत नाही.

त्या दिवशी जे कळलं तेच तुम्हाला सांगायचं राहून गेलं. बरणीतला वास आणि धुरातली चव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काडी लावल्यावर आधी लटाकियाच पुढे येतो : चुलीवर भाजलेल्या वांग्याची साल, देवळातला ऊद, थोडं कातडं. पाइपची वाटी तिसरा हिस्सा संपली की तो मागे सरतो आणि ग्रीस-तुर्कस्तानकडची छोटी पानं, ज्यांना ओरिएंटल म्हणतात, ती बोलू लागतात. ती जिभेला नीट कळत नाहीत. धूर छातीत न घेता तोंडातलाच थोडासा नाकावाटे सोडला, की आंबूस, सुक्या गवतासारखं काहीतरी जाणवतं. तळाशी व्हर्जिनिया तंबाखूचा गोडवा असतो, भाकरीचा पापुद्रा करपायच्या आधी लागतो तसा. हे सगळं व्हायला पाऊण तास लागतो. दहा मिनिटांत वाटी संपवली तर फक्त टायर उरतो, हे मात्र मान्य.

जिभेची चरचरही त्या घाईचीच. तीत माझाही वाटा आहे. ती बरणी त्याच सकाळी भरलेली होती, तंबाखू ओलसर होता, हे मी सांगितलं नाही. ओला तंबाखू पेटत नाही, मग माणूस जोरात ओढतो आणि गरम वाफ थेट जिभेवर येते. चिमूट दाबून सोडायची. गोळा तसाच राहिला तर कागदावर पसरून अर्धा तास ठेवायचा, हळूहळू सुटला तर भरायचा. वर सैल, खाली त्याहून सैल. मध्येच विझला तर विझू द्यावा, पुन्हा काडी लावण्यात कमीपणा नाही. गरम चहा बशीत ओतून भुरकतो ना, त्याच्याही निम्म्या जोराने ओढायचं.

‘इंग्लंडचं एकही पान नाही’, हे बरोबर. फसवणूक मात्र नाही. सतराव्या शतकात ग्लॉस्टरशरमध्ये विंचकंबच्या आसपास शेतकरी तंबाखू लावत असत. व्हर्जिनियातल्या वसाहतीचा धंदा आणि सरकारचा महसूल बुडू नये म्हणून त्यावर बंदी आली, उभी पिकं तुडवायला सैनिक पाठवले गेले. तेव्हापासून पान बाहेरचं, हात इथला. ‘इंग्लिश’ हे मिश्रणाच्या घराण्याचं नाव आहे : व्हर्जिनिया, ओरिएंटल, लटाकिया, आणि वरून व्हॅनिला-चेरीचा शिडकावा नाही. तंबाखूत गोड आणि सुगंधी पदार्थ घालण्यावर या देशात बराच काळ कडक निर्बंध होते, त्यातून ही सवय मुरली. (आमच्यापासून गाडीने तासाभरावर केंडल गाव आहे. तिथे १७९२ पासून तपकीर आणि तंबाखूचा धंदा चालत आलाय, आणि तिथले काही तंबाखू चक्क गुलाब-जिरेनियमचा वास मारतात. ते तुम्हाला दिलं असतं तर ‘आजीचा साबण’ असा अभिप्राय आला असता.)

किमतीबद्दल एवढंच, की त्यातला मोठा वाटा सरकारी कराचा आहे. मला त्यात सूट देता येत नाही.

तंबाखू तब्येतीला बरा, असं या दुकानात कुणी सांगणार नाही. उरलेलं पाकीट फेकून दिलंत तरी मला वाईट वाटणार नाही. पैसे परत करतो, पाकीट परत पाठवू नका. तारे वाढवा असंही म्हणत नाही, कारण एक तारा लटाकियाला नसला तरी माझ्या घाईला शोभतो.

वडिलांच्या पाइपचं मात्र मनाला लागलं. ब्रायरच्या, म्हणजे पाइपच्या नेहमीच्या, लाकडात लटाकिया मुरतो, धुऊन जात नाही, आणि पाण्याखाली धरू तर अजिबात नका. दांडी काढून ठेवा. वाटीत जाडं मीठ काठोकाठ भरा, ड्रॉपरने त्यावर कडक अल्कोहोल थेंब थेंब सोडा, मीठ ओलं होईल इतपतच. दांडी जिथे बसते त्या भोकात कापसाची वात घाला. बाहेरच्या पॉलिशवर थेंब पडू देऊ नका, डाग पडतो. रात्रभरात मीठ तपकिरी होईल, ते झटकून टाका आणि पाइप आठवडाभर उघडा वाळू द्या. एकदा करून वास उरला तर पुन्हा करा. वडील त्यात कोणता तंबाखू ओढायचे, ते तुम्ही त्या दिवशी सांगत होतात. ते नाव मला लिहून कळवा.