मवाळाचा पूल

१९ फेब्रुवारीला घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी गोपाळ कृष्ण गोखल्यांचा फोटो टाकला. पुण्यतिथी होती म्हणून. पाच मिनिटांत साताऱ्याच्या आतेभावाचं उत्तर आलं : ‘ताई, आज शिवजयंती आहे. आज तरी या अर्ज-विनंत्यावाल्यांना बाजूला ठेव. इंग्रजांपुढे वाकून काही मिळालं असतं, तर टिळकांना मंडालेला कशाला जावं लागलं असतं?’ खाली अकरा अंगठे. त्यातला एक माझ्या सख्ख्या भावाचा.

महिना होत आला तरी ते अंगठे डोक्यातून जात नाहीत. जो तुरुंगात गेला तोच खरा आणि ज्याने संस्था उभ्या केल्या, शिक्षणाचं विधेयक मांडलं तो नेभळट, हा हिशोब लहानपणापासून ऐकत आले आहे. १२ वर्षांपूर्वी बुडापेस्टला आले नसते, तर मीही तो अंगठा दिला असता.

मी रोज २ नंबरच्या ट्रामने कामाला जाते. त्या एकाच रुळावर सेचेनी चौक लागतो आणि काही मिनिटांत कोशुत चौक. दोघेही हंगेरीचे नेते, एका काळातले, एका मंत्रिमंडळातले, आणि त्याआधी कितीतरी वर्षं एकमेकांचे कट्टर विरोधक.

इश्तवान सेचेनी १७९१ मध्ये व्हिएन्नात जन्मला, बड्या जमीनदार घराण्यात. नेपोलियनविरुद्ध घोडदळात लढला. डायरी लिहायचा ती मुख्यतः जर्मनमध्ये, हंगेरियन त्याला धड येत नव्हतं. १८२५ मध्ये पोझोन्यच्या (आजच्या ब्रातिस्लाव्हाच्या) संसदेत हंगेरियन भाषेच्या दुर्दशेवर भाषणं चालली होती. हा उठला आणि आपल्या जहागिरीचं एका वर्षाचं उत्पन्न, ६० हजार फोरिंट, भाषेच्या संस्थेसाठी देऊन मोकळा झाला. ती आजची विज्ञान अकादमी, माझ्या ट्रामच्या खिडकीतून दिसते.

आणि तिच्यासमोर त्याचा पूल. १८२० च्या डिसेंबरात वडील गेल्याची बातमी आली तेव्हा सेचेनी डॅन्यूबच्या काठावर आठवडाभर अडकून पडला होता. हिवाळ्यात होड्यांवर तरंगणारा पूल काढून ठेवत आणि बर्फामुळे होडी जाईना. पुढे त्याने कायमचा पूल बांधायचं मनावर घेतलं. इंग्लंडहून विल्यम टिअर्नी क्लार्कचा आराखडा आणला, बांधकामावर अ‍ॅडम क्लार्क नेमला. पण माझ्या मते त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट टोलची. तोवर सरदार-जमीनदारांना कर नव्हता. या पुलावर टोल सगळ्यांना सारखा, सरदार असो की भाजीवाला. शतकानुशतकांचा विशेषाधिकार या माणसाने तलवार न उपसता पुलाच्या तोंडाशी अडवला. आता सांगा, हे वाकणं आहे?

लायोश कोशुत वकील, पत्रकार, आणि वक्ता असा की लोक पेटून उठत. १८४० मध्ये त्यानेच सेचेनीला ‘सर्वांत थोर हंगेरियन’ म्हटलं. पुढच्याच वर्षी सेचेनीने त्याच्याविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. त्याला भीती होती की कोशुतची घाई हंगेरीवर राज्य करणाऱ्या व्हिएन्नाला चिडवेल, देशातले इतर भाषिक समाजही उलटतील आणि सगळंच बुडेल. मग १८४८ चा मार्च आला. क्रांती झाली, रक्त न सांडता. तेव्हा सेचेनीने आपल्या चिटणिसाला पत्रात लिहिलं की माझं धोरण खात्रीचं होतं पण संथ. कोशुतने सगळं एका पत्त्यावर लावलं आणि मला वीस वर्षांत जमलं नसतं तेवढं देशाला मिळवून दिलं. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपल्याकडेही असं घडलंय. गोखल्यांच्या चितेपाशी टिळकांनी त्यांना भारताचा हिरा म्हटलं. पण ग्रुपवर ते कुणालाच आठवत नाही.

सेचेनी कोशुतच्याच बरोबरीने मंत्री झाला. पण सप्टेंबरात, युद्ध दारात आलं तेव्हा, त्याचं मन कोसळलं. त्याला व्हिएन्नाजवळ देब्लिंगच्या मनोरुग्णालयात नेलं. १८४९ च्या नोव्हेंबरात पूल खुला झाला तेव्हा क्रांती चिरडलेली होती, पंतप्रधान बात्यानीला गोळ्या घालून दीड महिना झाला होता, आणि पूल बांधणारा तिथे नव्हता. त्याच देब्लिंगमधून त्याने ऑस्ट्रियाच्या जुलमी कारभाराची चिरफाड करणारं पुस्तक लिहिलं, १८५९ मध्ये ते लंडनला निनावी छापलं गेलं. मार्च १८६० मध्ये पोलिसांनी झडती घेतली. ८ एप्रिलला त्याने पिस्तुलाने स्वतःला संपवलं. मवाळ!

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, थोडं चढ्या सुरातच. इथे ५००० च्या नोटेवर सेचेनी आहे, पण म्हणून कोशुतच्या चौकाचं नाव कुणी पुसत नाही, असंही लिहिलं. आतेभावाने एकच ओळ पाठवली : ‘ताई, तू गेलीस. आम्ही इथे आहोत. तिथून शिकवू नकोस.’

त्याच्यावर उत्तर मला सुचलं नाही. कारण इतकी वर्षं मी सेचेनीची बाजू घेतेय, पण माझी जागा कोशुतची आहे. १८४९ नंतर तो परत आलाच नाही. १८६७ मध्ये फेरेन्स देआक या नेत्याने व्हिएन्नाशी समझोता केला तेव्हा त्याने पॅरिसहून जाहीर पत्र लिहून बजावलं, हे चुकतंय. घरच्यांनी ऐकलं नाही. पुढे कायदा झाला की दहा वर्षं बाहेर राहून नोंद न करणाऱ्याचं नागरिकत्व जाईल, आणि खुद्द कोशुतचं गेलं. १८९४ मध्ये तो तुरीनला वारला, मग बुडापेस्टला आणला. त्याला सम्राटाला मान द्यायचा नव्हता. माझ्याकडे असं काय कारण आहे? पगार बरा आहे, मुलाची शाळा चांगली आहे.

१५ मार्चला, १८४८ च्या त्या क्रांतीच्या दिवशी, मुलाच्या कोटावर मी कोकार्दा, म्हणजे फितीचं फूल, लावली, लाल-पांढरी-हिरवी. टाचणी त्याच्या छातीवर नीट बसेना, दोनदा काढून लावली. तो हंगेरियनमध्ये म्हणाला, आई, घट्ट नको. मी मराठीत म्हटलं, हलू नकोस. त्याच्या वर्गात मी पालक म्हणून बसले आणि सगळ्यांबरोबर उभी राहिले.

नागरिकत्वाचा अर्ज जानेवारीपासून कपाटात अर्धा भरून पडला आहे. तो मंजूर झाला तर भारतीय पासपोर्ट परत द्यावा लागेल. जन्मस्थळाच्या रकान्यात सातारा लिहून झालंय. शेवटी शपथ असते, तिचं पहिलंच वाक्य : हंगेरीला मी माझा देश मानते. माझं हंगेरियन आता बरं आहे, उच्चारही फारसे चुकत नाहीत. ते वाक्य मात्र मी अजून एकदाही मोठ्याने म्हणून पाहिलेलं नाही.